वाघाची लेन्स लग्नाच्या मांडवात

मागच्या मे महिन्यात इथे बालाघाटलाच नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. लॉनवर लग्न, हजारभर खुर्च्या, आणि मी आपला वयोमानाप्रमाणे कूलरजवळची जागा धरून शेवटच्या रांगेत बसलेला. बाजूला एक पोरगा उभा, गळ्यात पांढरी जाडजूड लेन्स लावलेला कॅमेरा. आमच्या शेजारच्या काकू त्याला म्हणाल्या, "अरे, तू मुक्कीहून आलास का? वाघ तर स्टेजवर बसलाय!" सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "काकू, इथूनच चांगला दिसते वाघ."

त्या वाक्यानं मला चाळीस वर्षं मागं नेलं. त्याचाच हा वृत्तांत. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी इथल्या बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. बालाघाट १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. पण सोयरिकी काही राज्य पाहून तुटत नाहीत. गोंदिया, भंडारा, नागपूर, तुमसर, इकडूनच सुना यायच्या आणि तिकडेच मुली जायच्या. वऱ्हाड छोट्या लाइनच्या गाडीनं यायचं. त्यामुळे आमची लग्नं मराठी पद्धतीची, दिवसाउजेडी, बाराच्या आसपासच्या मुहूर्ताची नाहीतर गोरजाची. शेजारच्या हिंदी भाषक घरांची बारात रात्री नऊला निघायची आणि फेरे पहाटे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

साठ-सत्तरच्या दशकांत आमच्याकडे लग्नाचा फोटो म्हणजे डब्यासारखा, वरून डोकावून पाहायचा कॅमेरा. याशिका मॅट बहुतेकांकडे. त्याच्यात १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. काचेवर चित्र डावीउजवीकडे उलटं दिसायचं, आणि लेन्स एकच, बदलता न येणारी. घरात कोणाकडे अ‍ॅग्फा क्लिक असला तर तो हौसेपुरता. बारा फोटोंत लग्न बसवायचं म्हणजे आमच्या शाखेच्या आकस्मिक खर्चाच्या बजेटसारखं, प्रत्येक फोटो विचार करून. मग ठरलेले फोटो निघायचे: सीमांतपूजन, कन्यादान, सप्तपदी, जेवणाची पंगत, आणि शेवटी दोन्ही घरचा ग्रुप. फोटोग्राफर चार हातांवर येऊन उभा राहायचा. "गुरुजी, जरा थांबा," म्हणायचा आणि गुरुजी मंत्राच्या मधे थांबायचे. कन्यादानाचं पाणी दोनदा सोडलेलं मी पाहिलंय.

सगळ्यात पंचाईत अंतरपाटाची. मंगलाष्टकं संपत आली की सगळा मांडव टाचा वर करून पाहतोय, आणि वधूवरांच्या पुढ्यात फोटोग्राफरची पाठ. एका लग्नात गुरुजी वैतागून म्हणाले होते, "अहो, सगळ्या अक्षता तुमच्याच डोक्यावर पडताहेत, लग्न तुमचं लागेल."

मी बी.कॉम. करून एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. १९८४ मध्ये बालाघाटच्या शाखेत कर्ज विभाग माझ्याकडे होता. सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. मॅट्रिक झालेल्या तरुणाला पंचवीस हजारांपर्यंत कर्ज, पंचवीस टक्के सबसिडी, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शिवणयंत्र असे अर्ज गठ्ठ्यानं यायचे. त्यांत एक अर्ज फोटो स्टुडिओचा. मुलगा बावीस-तेवीसचा. त्याचं नाव जुन्या लोकांना सांगायची गरज नाही, आणि त्याच्या घरच्यांना न विचारता मी ते इथे लिहिणारही नाही.

त्याच्या यादीत पेंटॅक्स के-१००० कॅमेरा, फ्लॅश, एन्लार्जर, आणि खाली शेवटी लिहिलेलं: टेलिफोटो झूम लेन्स, ८० ते २०० मिलिमीटर. किंमत जवळजवळ कॅमेऱ्याएवढी. आमच्या मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "शेर का फोटो खींचना है क्या?" त्यांचाही दोष नाही. कान्हा आपल्या जिल्ह्याला लागून, मुक्कीचं फाटक तर आपल्याच जिल्ह्यात. १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगर आल्यापासून लांब लेन्सवाले लोक बैहरच्या रस्त्यानं जाताना दिसायचे. बालाघाटच्या माणसाला लांब लेन्स म्हणजे वाघ, एवढंच ठाऊक.

मुलगा म्हणाला, "नाई साहेब, लग्नासाठी. जवळ गेलो का लोकं पोझ देतेत नाई तं तोंड लपवतेत. दुरून काढलं का माणूस खरा येते."

मला ते वाक्य आवडलं, पण वाक्यावर कर्ज देता येत नाही. लेन्सचं बिल नव्हतं. आखातात नोकरीला असलेल्या कोणा ओळखीच्यानं ती आणलेली, आणि तो ती विकत होता. त्या वेळी परदेशी मालाच्या आयातीवर इतकी बंधनं होती की अशा वस्तू बहुधा अशाच हातोहात यायच्या. बिल नाही तर कोटेशन नाही, कोटेशन नाही तर मंजुरी नाही. मी लेन्सची ओळ लाल शाईनं खोडली आणि बाकीचं मंजूर करून घेतलं.

आठ दिवसांनी तो आईला घेऊन आला. तिनं हातातल्या पाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. सोनेतारणाला बिल लागत नाही. सराफानं वजन केलं, कस लावला, मी पावती लिहिली. त्या बाई काही बोलल्या नाहीत. फक्त जाताना मोकळ्या मनगटावर पदर ओढून घेतला. मी नियमाप्रमाणेच सगळं केलं होतं, तरी त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही. उद्या हा पोरगा बुडाला तर पाटल्यांच्या लिलावाच्या नोटिशीवर सही माझीच असणार.

ती लेन्स मग मी पाहिली. काळी, वीतभर लांब. एकच जाड रबरी कडं, ते फिरवलं की फोकस आणि पुढेमागे ओढलं की चित्र जवळ-दूर. कॅमेरा खाली झुकवला की कडं आपोआप घसरायचं. जिज्ञासा म्हणून मी नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचलं. टेलिफोटो आणि झूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेलिफोटो म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी, पण नळी स्वतः आखूड राहील अशी काचांची रचना. पुढे प्रकाश एकत्र करणारा भिंगांचा गट, मागे तो पसरवणारा. ही युक्ती १८९१ ची, लंडनचे टॉमस डालमायर आणि त्याच सुमाराला जर्मनीतले दोघे, यांची. झूम म्हणजे नाभीय अंतर बदलता येणं. ती आधी सिनेमाच्या आणि टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांना आली. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ ची, फोग्टलेंडर कंपनीची ‘झूमर’, फ्रँक बॅक नावाच्या गृहस्थांनी रचलेली. त्याच वर्षी निकॉननं ८५ ते २५० ची लांब झूम काढली, आणि १९७० च्या सुमारास त्यांची ८० ते २०० आली. पुढे सगळ्या जपानी कंपन्यांनी या मापाच्या लेन्स काढल्या. आमच्या मुलाची त्यांतलीच एक.

आता हिशेब. कॉमर्सच्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. साध्या ५० च्या लेन्सनं माणसाचा कमरेपासून वरचा फोटो हवा तर साधारण चार फुटांवर उभं राहावं लागतं. २०० वर तोच फोटो सोळा फुटांवरून येतो. चौपट लेन्स, चौपट अंतर. मांडवात चार फूट म्हणजे गुरुजींच्या मांडीवर, आणि सोळा फूट म्हणजे खुर्च्यांची चौथी-पाचवी रांग. एवढाच फरक, पण त्या फरकात सगळं लग्न मोकळं होतं.

मात्र बँकेत म्हणतात तसं, व्याज कुठेतरी भरावंच लागतं. त्याच्या साध्या लेन्सचं तोंड १.८ पर्यंत उघडायचं, झूमचं ४.५ पर्यंतच. आकड्यांचा वर्ग करून भागा, सहापटीहून कमी उजेड. शिवाय लांब लेन्स हातात जराही हलली की फोटो हलतो, म्हणून २०० वर निदान एक दोनशेपन्नासांश सेकंदाचा वेग हवा. म्हणजे उजेड कमी आणि वेळही कमी. फ्लॅश लावावा तर त्याचं गणित आणखी वाईट, अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश. चार फुटांऐवजी सोळा फुटांवरून फ्लॅश मारला तर सोळावा हिस्सा. म्हणून रात्रीच्या बारातीत ती लेन्स बहुतेक पिशवीतच राहायची. पण आपली मराठी लग्नं दुपारची! अंगणातला मांडव, वर पांढरा कपडा, मे महिन्याचं ऊन त्यातून गाळून आलेलं. उजेड सगळीकडून सारखा, सावल्या मऊ. आमच्या मुहूर्तांनीच त्या लेन्सला धंदा दिला असं मी गमतीनं म्हणतो, पण ते खरं आहे.

अंतरपाटासाठी त्यानं जागा शोधून काढली होती. समोर नाही, बाजूला, पाटाच्या रेषेत, ओट्यावर नाहीतर स्टुलावर. तिथून दोघंही दिसतात, मध्ये कापडाची फक्त कड. पाट सरकला की पहिल्यांदा कोण कोणाकडे पाहतं, ते त्याच्या फोटोंत असायचं. बहुतेक वेळा नवरा पाहायचा आणि नवरी खाली. काही वेळा उलट. असा एक फोटो आपल्या मोहल्ल्यात फार गाजला होता. कोणाचा ते सांगत नाही, त्या आजीबाई हे वाचतात.

हप्त्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही दर महिन्याचा सारखा हप्ता बांधून दिला होता. आषाढ लागला आणि मुलगा थकबाकीत गेला. लग्नसराई बंद तर फोटोग्राफर खाणार काय? तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला शाळांचे ग्रुप आणि पासपोर्ट फोटो. शेतकऱ्याला आम्ही पीक पाहून हप्ता द्यायचो, आणि याला मात्र कारकुनाचा हप्ता. मी वरच्या कार्यालयाला टिपण लिहून त्याचे हप्ते सराईनुसार करून घेतले. सदतीस वर्षांच्या नोकरीत ज्या चार-दोन टिपणांबद्दल मला बरं वाटतं, त्यांतलं हे एक. दोन सराया झाल्या आणि पाटल्या सुटल्या. त्या न्यायला आई स्वतः आली होती. तिनं त्या माझ्यासमोर हातात घातल्या, आणि एक घट्ट बसत होती म्हणून हसली.

सगळे खूश होते असं मात्र नाही. दुरून फोटो काढणं म्हणजे न विचारता काढणं. "चोरून काढतो," अशी बायकांची तक्रार असायची, आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पंगतीत घास तोंडात असताना, पदर सावरताना, भांडताना. एका वधुपित्याचा मुलीच्या पाठवणीला रडतानाचा फोटो त्यानं अल्बममध्ये लावला. त्या गृहस्थांनी तो पान फाडून परत केला आणि त्या फोटोचे पैसे कापून घेतले. तेव्हा मला वाटलं, बरोबर केलं. आज त्यांची मुलगी त्या फोटोसाठी विचारत असते, असं ऐकतो.

आता आमच्या घरचं. हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

१९८६ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आमच्याच अंगणात झालं. फोटोला तोच मुलगा. स्टेजसाठी, म्हणजे बोहल्यासाठी, त्याच्याकडे रंगीत रोल होता, तो धुवायला नागपूरला जायचा. लांब लेन्सला मात्र तो कृष्णधवल रोल लावायचा, ऑर्वोचा ४०० वाला, कारण तो तो घरीच धुऊ शकायचा आणि कमी उजेडात चालायचा.

आमच्या घरी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आम्हा चारही भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. त्या लग्नाचे लाडू, अनारसे, रुखवताची निम्मी तयारी तिची. पण हळद लागताना ती नव्हती, ओवाळणीत नव्हती, ग्रुप फोटोत नव्हती. कोणी तिला "येऊ नकोस" म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, ती आपणहून कोठीच्या खोलीत जाऊन बसायची. आमच्या घरच्या आधीच्या तिन्ही लग्नांचे अल्बम मी नंतर मुद्दाम चाळले, माझ्या लग्नाचा धरून. ती एकाही फोटोत नाही. चार हातांवरून काढलेल्या फोटोत तीच माणसं येतात जी चार हातांवर उभी राहू शकतात.

अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. सगळ्यांच्या माना बोहल्याकडे. मुलगा समोरच्या ओट्यावर खांबाला टेकून उभा होता, आणि त्यानं लेन्स उलट्या दिशेला वळवली. कोठीचं दार बोहल्यापासून चाळीसेक फूट. आत्या उंबऱ्याच्या आत उभी आहे, उजवा हात वर, बोटं नुकतीच उघडलेली. तिनं तिथून अक्षता टाकल्या होत्या. त्या कुठवर पोचणार? फार तर पायरीपर्यंत. फोटोत हातापुढे चार-पाच पांढरे ठिपके आहेत. दाण्यादाण्याचा रोल आहे, त्यामुळे अक्षता कोणत्या आणि रोलचा दाणा कोणता, हे नीट सांगता येत नाही.

मी त्याला नंतर विचारलं, तिकडे का पाहिलंस? "सगळे तिकडं पाहून राहिले होते," तो म्हणाला, "म्हणून मी इकडं पाह्यलं."

प्रिंट घरी आला तेव्हा आई गप्प झाली. वडील म्हणाले, "हा अल्बममध्ये नको. अल्बम तिच्या सासरी जाईल." मी तिथेच होतो. मी कर्ता मुलगा, पगार आणणारा, बँकेतला अधिकारी. मी म्हणालो, "हो, नको." फोटो पाकिटात गेला. आत्याला तो दाखवला होता. तिनं चष्मा लावून पाहिला, "किती म्हातारी झाले रे मी," म्हणाली, पालथा ठेवला आणि भाजी निवडायला बसली. त्या विषयावर पुन्हा ती कधी बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

१९९१ मध्ये ती गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून घर उलथंपालथं केलं, तेव्हा कळलं की दुसरा फोटोच नाही. मी त्याच्या स्टुडिओत गेलो. त्यानं निगेटिव्ह पाच मिनिटांत काढून दिली. लग्नाच्या तारखांनुसार सगळी जपून ठेवलेली, आमच्या बँकेच्या रेकॉर्ड रूमपेक्षा शिस्तीत. मोठा करताना त्यानं विचारलं, "साहेब, हात कापू का? नुसता चेहरा ठेवतो." मी म्हटलं, हात राहू दे. बहिणीनं नंतर त्याची प्रत मागून घेतली, ती आजही तिच्या घरी बाहेरच्या खोलीत लावलेली आहे. वडिलांनी ती तिथे पाहिली. काही बोलले नाहीत.

त्या फोटोबद्दल माझी एक तक्रारही आहे, जुन्या गोष्टी जमवणाऱ्या माणसाची. लांब लेन्सनं तोंड पूर्ण उघडून फोटो काढला की मागचं सगळं धूसर होतं. आत्याच्या मागे कोठी आहे, पण दिसत नाही. लाडवांचे डबे, पितळी घंगाळ, भिंतीवरचं पंचांग, सगळं करड्या धुरात गेलंय. दार हिरवं होतं, हे मला आठवतं म्हणून. याउलट त्या डब्यासारख्या कॅमेऱ्याचे ग्रुप फोटो पाहा. माणसं काठीसारखी ताठ, एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही, पण मागे कुठलं कॅलेंडर टांगलंय, खुर्च्या कोणाच्या मागून आणल्यात, ओट्यावरची फरशी कुठपर्यंत आली होती, ते सगळं वाचता येतं. जुन्या बालाघाटचा वाडा कसा होता हे शोधायचं असेल तर मी ते ताठ फोटोच उघडतो. घर एका कॅमेऱ्यात आहे आणि माणूस दुसऱ्यात.

आता तर सगळंच सोपं झालंय. मेमधल्या त्या पोराकडे ७० ते २०० होती, तोंड २.८ चं, वजन दीड किलोच्या आसपास. हात हलला तरी लेन्स आतल्या आत सावरून घेते, आणि कॅमेरा डोळा शोधून फोकस करतो. रात्रीच्या उजेडातही चालते. तरी पाच हजार फोटोंमधून अल्बममध्ये लागले ते बहुतेक स्टेजवरचेच, असं नंतर कळलं. जुन्या आमच्या मुलाचं वय आता पासष्टीच्या घरात. स्टुडिओ बंद केला, मुलगा रायपूरला नोकरीला. ती ८० ते २०० अजून त्याच्या कपाटात आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणानं आतल्या काचेवर बुरशीचं जाळं धरलंय. मी उजेडाकडे धरून पाहिली, कडं अजूनही खाली झुकवलं की घसरतं.

एक विनंती आहे. १९६० ते १९८५ च्या दरम्यान आमच्या अंगणात झालेल्या लग्नांना, मुंजींना तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील आलेले आहेत. तुमच्याकडे तेव्हाचे फोटो असतील तर कडेची माणसं, दाराजवळची माणसं जरा भिंग लावून पाहा. नऊवारी पांढरं लुगडं, उंच, डाव्या खांद्यात किंचित वाकलेली. कोठीचं दार फोटोत उजव्या हाताला येतं.